पाचव्या लिटरमधलं शिसं

अमेरिकेतल्या मिशिगन राज्यातलं फ्लिंट हे शहर एके काळी जनरल मोटर्सच्या कारखान्यांवर पोसलेलं. कारखाने आटले, तिजोरीत खडखडाट झाला, आणि चार पैसे वाचावेत म्हणून २५ एप्रिल २०१४ रोजी शहराने डेट्रॉइटहून येणारं ह्यूरॉन सरोवराचं पाणी बंद करून फ्लिंट नदीचं पाणी नळाला सोडलं. हे पाणी पाइप जास्त खाणारं होतं. त्यात गंज रोखणारं फॉस्फेट घालायला हवं होतं, ते घातलं गेलं नाही. जमिनीखालच्या जुन्या शिशाच्या पाइपांच्या आत वर्षानुवर्षं बसलेला पापुद्रा सुटू लागला आणि घरोघरच्या पेल्यांत उतरू लागला.

ली-अ‍ॅन वॉल्टर्स या चार मुलांच्या आईने मुलांच्या अंगावरचे चट्टे पाहून नगरपालिकेच्या मागे लकडा लावला. फेब्रुवारी २०१५ मध्ये तिच्या स्वयंपाकघरातल्या नळाचं पाणी तपासलं गेलं. शिसं निघालं १०४ पीपीबी, म्हणजे लिटरमागे १०४ मायक्रोग्रॅम. अमेरिकेत कारवाईची पातळी तेव्हा १५ होती. मार्चमध्ये आकडा ३९७ वर गेला. मग व्हर्जिनिया टेक विद्यापीठातले मार्क एडवर्ड्स यांनी तिला बाटल्या पाठवल्या आणि नळ कमी-जास्त सोडून नमुने भरायला सांगितलं. त्यांची सरासरी २,००० च्या पुढे गेली, सर्वांत वरचा आकडा १३,२०० निघाला. अमेरिकी नियमांत ५,००० पीपीबीला कचरासुद्धा ‘घातक’ ठरतो. विशेष म्हणजे त्या घराच्या आतलं सगळं नळकाम प्लास्टिकचं होतं. शिसं येत होतं ते रस्त्यावरून घरापर्यंत आलेल्या जोडणीतून.

एवढं होऊनही शहराचा अधिकृत अहवाल सांगत होता की पाणी नियमांत बसतं. मेख बरीचशी नमुना घेण्याच्या रीतीत होती. रहिवाशांना सूचना होती की आदल्या रात्री पाच मिनिटं नळ सोडून ठेवा, मग झोपा, आणि सकाळी बाटली भरा. रात्रीच पाइप धुऊन निघाला की सकाळच्या बाटलीत शिसं कमी येणारच. त्यातून बाटलीचं तोंड अरुंद असलं तर नळ बारीक धारेने सोडावा लागतो, आणि बारीक धार पाइपाच्या भिंतीवरचे कण उचलत नाही. नळाच्या तोंडाची जाळी काढून ठेवली की तिच्यात अडकलेले कणही गेले. एकाही आकड्यात फेरफार न करता पाणी असं ‘सुधारता’ येतं.

पुढचं बरंचसं जगजाहीर आहे. एडवर्ड्सच्या चमूने आणि रहिवाशांनी नमुने भरायचे ३०० संच वाटले, अडीचशेहून अधिक परत आले. दर दहा घरांत एक घर २५ पीपीबीच्या वर निघालं. बालरोगतज्ज्ञ मोना हॅना-अतिशा यांनी सप्टेंबर २०१५ मध्ये मुलांच्या रक्तातल्या शिशाची आकडेवारी पत्रकारांसमोर ठेवली. ऑक्टोबरात शहर पुन्हा डेट्रॉइटच्या पाण्यावर आलं. तोवर दीड वर्ष उलटलं होतं.

त्या बाटल्या ज्या यंत्रापर्यंत पोचायच्या, ते नळाशेजारी मावणारं नव्हे. पाण्याचे तुषार हजारो अंश तापलेल्या आर्गॉनच्या ज्वाळेत सोडायचे, अणूंचे आयन करायचे आणि त्यांना वस्तुमानानुसार वेगळं मोजायचं, असं त्याचं काम. किंमत कोटींत, चालवायला शिकलेला माणूस हवा आणि आर्गॉनचा पुरवठा अखंड हवा. यंत्र अचूक आहे याबद्दल वाद नाही. पण ते एका जागी बसलेलं असतं आणि पाणी लाखो नळांतून वाहत असतं. गेली पंचवीस वर्षं रसायनशास्त्रज्ञांचा एक गट या अंतराच्या मागे लागला आहे. त्यांच्या हातातलं साधन आहे डीएनए.

विजेने धातू ओळखण्याची विद्या त्याहून बरीच जुनी. प्रागमध्ये यारोस्लाव्ह हेरोव्स्की यांनी १९२२ मध्ये काचेच्या केसाएवढ्या नळीतून पाऱ्याचे थेंब एकामागून एक सोडले, त्यांनाच इलेक्ट्रोड बनवलं आणि द्रावणातला प्रत्येक धातू आपापल्या ठरावीक व्होल्टेजला प्रवाह देतो हे दाखवलं. त्यांचे जपानी सहकारी मासुझो शिकाता यांच्यासोबत त्यांनी हे मोजमाप आपोआप नोंदवणारं यंत्रही उभं केलं. १९५९ मध्ये हेरोव्स्कींना नोबेल मिळालं. त्याच वर्षी जपानमध्ये कुमामोतो विद्यापीठाचे संशोधक मिनामाता या कोळ्यांच्या गावात माणसं आणि मांजरं झटके येऊन का मरत आहेत याच्या उत्तराशी पोचले: सेंद्रिय पारा, चिस्सो कंपनीच्या सांडपाण्यातून खाडीत आलेला. विषारी धातू शोधायचं सर्वांत नाजूक साधन पाऱ्याचं, आणि शोधायचं विष तेही पाराच. घराघरांत पाऱ्याचे थेंब मोजायला देणं अर्थातच शक्य नव्हतं.

डीएनएची गोष्ट सुरू होते १९९४ मध्ये, कॅलिफोर्नियातल्या स्क्रिप्स संशोधन संस्थेत. रॉनल्ड ब्रेकर आणि जेराल्ड जॉइस यांच्यापुढे प्रश्न होता तो मूलभूत विज्ञानाचा: डीएनए नुसती माहिती साठवतो की विकरासारखं कामही करू शकतो? त्यांनी यादृच्छिक क्रमाचे डीएनएचे तुकडे जमवले. त्यांची संख्या होती एकावर चौदा शून्यं. त्यांतून, शिशाच्या उपस्थितीत आरएनएचा बंध कापू शकेल असा तुकडा पुन्हा पुन्हा चाळून निवडत गेले. निघाला. निसर्गात असा डीएनए कुठे सापडलेला नव्हता. शिसं घेतलं होतं ते रसायनशास्त्राच्या सोयीसाठी. पाणी तपासण्याचा विचार त्यामागे नव्हता.

तो विचार इलिनॉय विद्यापीठातल्या यी लू यांना सुचला. शिसं असल्याशिवाय जो कापत नाही, तो शिशाची खबर देऊ शकतो. २००० मध्ये जिंग ली आणि लू यांनी कापण्याच्या जागेजवळ चमकणारा रेणू जोडला. धागा तुटला की प्रकाश वाढायचा. धातूंच्या गर्दीतून शिसं नेमकं ओळखणारा डीएनए हाती आला होता. आता प्रकाश मोजायचं उपकरण टाळून त्या जागी थेट वीज मोजायची, एवढंच उरलं होतं.

ते काम कॅलिफोर्नियातल्या सांता बार्बरात झालं. केविन प्लॅक्सको यांच्या प्रयोगशाळेतला इलेक्ट्रोड म्हणजे टिकलीएवढी सोन्याची चकती. तिच्यावर डीएनएचे धागे एका टोकाने रोवायचे. त्या टोकाला गंधकाचा गट असतो, आणि गंधक सोन्याला घट्ट धरतो. धाग्यांमधल्या मोकळ्या जागा दुसऱ्या एका छोट्या गंधकी रेणूने भरून टाकायच्या, नाहीतर डीएनए सोन्यावर आडवा लोळतो आणि सगळा प्रयोग फसतो. धाग्याच्या मोकळ्या टोकाला लावायचं मिथिलीन ब्लू. हा तोच निळा रंग, जो महाविद्यालयात गालाच्या आतल्या पेशी सूक्ष्मदर्शकाखाली पाहताना वापरतात आणि मासे पाळणारे बुरशी लागली की टाकीत घालतात. या रंगाचा रेणू इलेक्ट्रॉन देतो-घेतो. पण त्यासाठी तो सोन्याच्या अगदी जवळ यायला हवा.

आता या धाग्यावर दुसरा, जोडीचा धागा बसवायचा. त्याच्या मधोमध आरएनएचा एकच घटक असतो. दोन धागे एकत्र आले की रचना ताठ होते आणि निळा रेणू चकतीपासून दूर, हवेत उभ्या काठीच्या टोकाला राहावा तसा राहतो. प्रवाह जवळजवळ नाही. पाण्याचा थेंब टाकला, त्यात शिसं असलं, तर पहिला धागा दुसऱ्याला त्या एकाच ठिकाणी कापतो. तुकडे आखूड झाल्याने सुटून जातात. मागे राहिलेला एकेरी धागा लवचीक होतो, वळवळतो, आणि त्याच्या टोकाचा निळा रेणू सोन्याला पुन्हा पुन्हा भिडतो. मीटरवर प्रवाह चढतो. शाईचा ठिपका नाही, रंगाचा अंदाज नाही, थेट आकडा.

यी शिआओ, आरन रो आणि प्लॅक्सको यांनी हे २००७ मध्ये प्रसिद्ध केलं. ओळखण्याची किमान मर्यादा होती ६२ पीपीबी. फ्लिंटमधल्या वॉल्टर्सच्या पाण्याचे आकडे या सेन्सरच्या टप्प्यात होते, पण कायद्याची १५ ची रेघ त्याला दिसली नसती. भारतीय मानकातली १० ची तर नाहीच. पुढच्याच वर्षी दुसऱ्या एका चमूने सोन्याचे नॅनोकण आणि रुथेनियमचं एक संयुग वापरून ही मर्यादा १ नॅनोमोलरवर, म्हणजे ०.२ पीपीबीच्या आसपास आणली. त्यानंतर सुरू झाली ती शर्यत. कोणी ग्राफीन आणलं, कोणी नॅनोनळ्या, कोणी संकेत वाढवायला डीएनएच्या साखळ्या. शोधनिबंधांच्या सारांशात किमान मर्यादेचा आकडा दर वर्षी खाली घसरत गेला. प्रयोगशाळेच्या शुद्ध पाण्यात मुद्दाम घातलेलं शिसं पुन्हा शोधून काढणं हा यातल्या बहुतेकांचा कस असतो, हे या शर्यतीकडे पाहताना विसरू नये.

पाऱ्याची कथा आणखी देखणी आहे. पारा डीएनएला चिकटतो हे सिडनी कॅट्झ यांनी १९५२ मध्येच नोंदवलं होतं, दुहेरी सर्पिलाचा शोध लागण्याच्या वर्षभर आधी. त्याचा उपयोग करायला पन्नास वर्षं जावी लागली. डीएनएच्या अक्षरांत ए ची जोडी टी शी आणि जी ची सी शी. दोन टी समोरासमोर आले तर जुळत नाहीत. मात्र मध्ये पाऱ्याचा आयन आला की तो दोन्ही टींना धरतो आणि जोडी पक्की होते. अकिरा ओनो आणि हुमिका तोगाशी यांनी २००४ मध्ये टी टी टी अशा रांगा असलेला एक धागा घेतला. पारा मिळताच धागा केसांच्या पिनेसारखा दुमडला, दोन टोकं जवळ आली आणि चमक विझली. मर्यादा होती ४० नॅनोमोलर, सुमारे ८ पीपीबी. चीनमधल्या आणि इतर प्रयोगशाळांनी मग हाच धागा सोन्यावर बसवून विजेची आवृत्ती केली.

ओनोंना हे मिनामाताच्या देशात सुचलं, म्हणून कोणी म्हणेल की वर्तुळ पूर्ण झालं. ते तसं नाही. मिनामातातला मारेकरी होता मिथाइल पारा. त्याचा एक हात कार्बनने आधीच धरलेला असतो. तो एका टी ला चिकटू शकतो, दोन टींना जोडू शकत नाही. ओनोंच्या पिनेपुढे तो जवळजवळ अदृश्य. शिवाय लोकांनी विष खाल्लं ते माशांतून. खाडीचं पाणी तपासून जेवणाच्या ताटातलं विष कळलं नसतं.

कोणत्या रूपातला धातू, हा प्रश्न आपल्याकडेही तितकाच जवळचा. उल्हास नदीच्या खाडीकाठी कॉस्टिक सोड्याचे कारखाने एके काळी पाऱ्याच्या घटांवर चालत. तिथल्या गाळात पारा कसा साठत गेला याचा अभ्यास राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या संशोधकांनी केला आहे. हा पारा गाळातल्या गंधकाला आणि कुजलेल्या सेंद्रिय पदार्थांना बिलगून बसतो. वरच्या पाण्यात ओनोंचा टी चा धागा बसवलेली सेन्सर-पट्टी बुडवली तर ती निर्धोक असल्याचं सांगेल, आणि तिचं म्हणणं त्या पाण्यापुरतं खरंही असेल. त्यात खाडीचं पाणी खारट. मिठातला क्लोराइड पाऱ्याशी जमवून घेतो आणि डीएनएच्या वाट्याला थोडाच पारा उरतो.

फ्लिंटलाही हीच गोम होती. वॉल्टर्सच्या नळातून येणारं शिसं मोठ्या प्रमाणात कणांच्या रूपात होतं. डीएनएला दिसतो तो पाण्यात विरघळलेला सुटा आयन. कण दिसायचे तर पाण्यात नायट्रिक आम्ल घालून ते विरघळवायचे, मग पाणी पुन्हा सौम्य करायचं, कारण आम्लात डीएनएचं काम चालत नाही. म्हणजे पट्टीसोबत दोन कुप्या आल्या, मोजमाप आलं, थोडी वाट पाहणं आलं. ‘बुडवा आणि वाचा’ ही जाहिरात इथेच अडखळते. आणि आरएनएचा तो एक घटक हवेतल्या, हातावरच्या विकरांनीही तुटतो. शिसं नसताना धागा तुटला, तर पट्टी शिसं असल्याची बोंब मारणार.

या क्षेत्रातली सर्वांत बोलकी फजिती आर्सेनिकची. आर्सेनिकला चिकटणारा म्हणून एक डीएनए तुकडा २००९ मध्ये कोरियातून जाहीर झाला आणि त्यावर सेन्सरांची रांग लागली. सोन्याचे कण, इलेक्ट्रोड, रंगबदल, सगळं झालं. २०१९ मध्ये कॅनडातल्या वॉटर्लू विद्यापीठातल्या जुएवेन लिऊ यांच्या चमूने तो तुकडा शांतपणे तपासला, आणि तो आर्सेनिकला चिकटतच नाही असं दाखवून दिलं. आर्सेनिक सोन्याला चिकटत होतं! इतक्या सेन्सरांमध्ये जे दिसत होतं, त्याचं श्रेय डीएनएला विनाकारण गेलं होतं. पश्चिम बंगाल आणि बांगलादेशातल्या विहिरींसाठी ही गोष्ट विनोदाची नाही.

मात्र विजेवर चालणारं छोटं धातुमापक बाजारात येतं, हे आधीच सिद्ध झालेलं आहे. अमेरिकेतल्या दवाखान्यांत लेडकेअर नावाचं यंत्र मुलांच्या रक्तातलं शिसं मोजतं. बोटाला टोचून थोडं रक्त घ्यायचं, एकदा वापरायच्या सोन्याच्या सेन्सरवर टाकायचं, तीन मिनिटांत आकडा. त्यात डीएनए नाही. तत्त्व हेरोव्स्कींच्या घराण्यातलं. २०१७ मध्ये तिथल्या औषध प्रशासनाने इशारा दिला की शिरेतून काढलेल्या रक्ताला हे यंत्र आकडा कमी दाखवतं. कंपनीला ही खोट बरीच आधी ठाऊक होती. २०२४ मध्ये तिने गुन्हा कबूल केला आणि प्रकरण ४ कोटी २० लाख डॉलरवर मिटलं. यंत्र स्वस्त झालं, हातात आलं, दवाखान्यादवाखान्यात पोचलं. पण ज्या मुलांच्या रक्तात शिसं होतं, त्यांतल्या काहींना ‘सगळं ठीक’ असा कागद मिळाला.

काही ठिकाणी तर डीएनएची गरजच नाही, आणि हे क्षेत्रातली माणसं क्वचितच मोकळेपणाने बोलतात. बांगलादेशात हळकुंडांना पॉलिश करताना चकाकीसाठी लेड क्रोमेट लावायची रीत होती. १९८० च्या दशकातल्या पुरानंतर काळपट पडलेली हळद खपवायला ती सुरू झाली असावी, असं स्टॅनफर्डच्या जेना फोरसिथ आणि स्टीफन लुबी यांच्या चमूला शोधाअंती आढळलं. २०१९ मध्ये बाजारातले ४७ टक्के नमुने भेसळीचे होते. क्ष-किरणांचं हातात धरायचं यंत्र घेऊन अधिकारी ढाक्याच्या घाऊक बाजारात शिरले, दोन व्यापाऱ्यांना जागेवर दंड झाला, ते टीव्हीवर दिसलं, आणि २०२१ पर्यंत प्रमाण शून्यावर आलं. पुढे दक्षिण आशियातल्या शहरांत केलेल्या पाहणीत पाटणा, कराची आणि पेशावर इथे १,००० पीपीएमहून, म्हणजे किलोमागे १,००० मिलिग्रॅमहून, जास्त शिशाची हळद मिळाली. भारतातली मर्यादा १० आहे. इतक्या ढळढळीत प्रमाणाला क्ष-किरण पुरेसे. सांगली-हिंगोलीच्या हळद बाजारात कोणी डीएनएची पट्टी विकायला आला, तर त्याला आधी हे यंत्र दाखवावं. डीएनएची खरी जागा पाणी आणि रक्त, जिथे विष लिटरमागे मायक्रोग्रॅममध्ये असतं.

लू यांनी आणखी एक व्यवहारी वाट काढली. २०११ मध्ये यू शियांग आणि त्यांनी मधुमेहींच्या ग्लुकोमीटरलाच कामाला लावलं. डीएनएला इन्व्हर्टेज हे विकर बांधून ठेवायचं; अपेक्षित पदार्थ आला की विकर सुटतं, साखरेचं ग्लुकोज करतं, आणि घरातलं मीटर ते मोजतं. पहिल्याच निबंधात युरेनियम होतं, दोन वर्षांनी शिसंही आलं. नवं यंत्र विकण्याची भानगड नाही. महाराष्ट्रात तर हे यंत्र नसलेली सोसायटी शोधावी लागेल.

अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेने ऑक्टोबर २०२४ मध्ये शिशाचे नियम पुन्हा लिहिले. पातळी १५ वरून १० वर आणायची ठरली, शिशाच्या जोडण्या दहा वर्षांत बदलायच्या, आणि जिथे अशी जोडणी आहे तिथे पहिल्या लिटरसोबत पाचवा लिटरही तपासायचा. पहिला लिटर घरातल्या नळाचं पाणी. रात्रभर रस्त्याखालच्या पाइपात मुरलेलं पाणी साधारण पाचव्या लिटरला येतं. फ्लिंटमध्ये जे कळायला दीड वर्ष गेलं, त्यावर या एका ओळीचा उतारा आहे. ०.२ पीपीबी ओळखणारा सेन्सर पहिल्या लिटरमध्ये बुडवला तर तो पाचव्याबद्दल काहीच सांगत नाही.

आपल्याकडे शिशाचे पाइप फारसे नाहीत. पण पीव्हीसी पाइप टिकाऊ करायला शिशाची संयुगं घालण्याची पद्धत होती. त्यावर केंद्राने २०२१ मध्ये नियम केले. जलजीवन मिशनखाली गावोगावी पाच-पाच महिलांना पाणी तपासायचं प्रशिक्षण देण्यात आलं. त्यांच्या संचातल्या कुप्या सामू, कठीणपणा, क्लोरीन, फ्लोराइड, नायट्रेट, लोह अशांसाठी असतात. थेंब टाकायचे, ढवळायचं आणि रंग तक्त्याशी ताडून पाहायचा. शिसं आणि पारा यांच्यासाठी नमुना प्रयोगशाळेतच जातो. भारतीय मानकात शिशाची मर्यादा १० पीपीबी आणि पाऱ्याची १ आहे, आणि डोळ्याने रंग ताडून इतकं बारीक कळत नाही. विजेच्या पट्टीला त्या संचात शिरायला जागा आहे ती इथेच. पण तिच्यासोबत आम्लाची कुपी, ते सौम्य करणारी दुसरी कुपी, आणि कोणत्या नळाचं कितवं पाणी भरायचं याची मराठीत छापलेली सूचना जावी लागेल. विदर्भातल्या मे महिन्यात ग्रामपंचायतीच्या पत्र्याच्या कपाटात पडून राहिलेली पट्टी जूनमध्ये खरा आकडा दाखवते का, हे पाहण्यासाठी तीच पट्टी आणि त्याच पाण्याची दुसरी बाटली काही हंगाम सोबत तपासत राहावी लागेल: एक गावात पाणी तपासणाऱ्या महिलेच्या हातात, दुसरी भूजल सर्वेक्षण यंत्रणेच्या प्रयोगशाळेत.